पहिल्या खर्ड्यानंतर

१९३० सालच्या विजयादशमीला आर. के. नारायण बंगळुरूत आजीकडे होते. आजीने मुहूर्त सांगितला, त्यांनी एक वही विकत आणली आणि कादंबरी लिहायला बसले. काय लिहायचे ते ठरलेले नव्हते. विचार करता करता एक छोटेसे रेल्वे स्टेशन डोळ्यांसमोर आले, त्याचे नाव माळगुडी. ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे आणि लेखनावरच्या गप्पांत ती हमखास निघते. पुढची गोष्ट मात्र फार कमी वेळा सांगितली जाते. हस्तलिखित लंडनच्या प्रकाशकांकडून परत येत राहिले. कंटाळून नारायण यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला कळवले की, बाडाला दगड बांध आणि टेम्समध्ये बुडव. मित्राने ते बुडवले नाही, ग्रॅहम ग्रीनला नेऊन दिले. ग्रीनने वाचले, प्रकाशक मिळवून दिला आणि नावही बदलले. मूळ नाव 'स्वामी, द टेट' होते. १९३५ मध्ये 'स्वामी अँड फ्रेंड्स' म्हणून पुस्तक आले.

लेखनाची स्वतःची पद्धत कशी सापडते, या प्रश्नाचा आढावा घेताना मला या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. नव्याने कथा-कादंबरी लिहिणारे विचारतात ते पूर्वार्धाबद्दल. आधी आराखडा करावा की सुचेल तसे लिहीत जावे? रोज लिहावे की बैठक जमेल तेव्हा? वहीत की लॅपटॉपवर? बंगळुरूत मराठी लिहिणाऱ्यांत संगणक क्षेत्रातली मंडळी पुष्कळ. त्यांच्याकडे प्रश्नाबरोबर तयार चौकटही असते: पात्रांचे तक्ते, प्रकरणांची एक्सेल शीट, ड्राफ्ट वन, ड्राफ्ट टू, प्रत्येकाला तारीख. त्यात गैर काही नाही. पण पद्धत म्हणून जे शोधायचे ते तिथे सापडत नाही, असे माझे मत आहे. पहिला खर्डा कोणत्याही वाटेने येऊ शकतो. तो परक्या माणसाने लिहिला असावा तसा आपल्याला वाचता येतो का आणि त्या वाचनानंतर आपला हात काय करू लागतो, तिथे लेखकाची पद्धत ठरते.

आधी वेगाचे बघू, कारण त्याच्या दंतकथा सर्वांत जास्त. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत 'श्यामची आई'चा मोठा भाग लिहून काढला. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' जेमतेम पंधरवड्यात लिहिली, ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. दस्तयेवस्कीने ऑक्टोबर १८६६ मध्ये 'जुगारी' ही कादंबरी आन्ना या तरुण लघुलेखिकेला सांगून सव्वीस दिवसांत पुरी केली, कारण मुदत चुकली असती तर प्रकाशकाशी केलेल्या करारानुसार त्याच्या पुढच्या नऊ वर्षांच्या सगळ्या लेखनाचे हक्क गेले असते. यू. आर. अनंतमूर्ती बर्मिंगहॅममध्ये संशोधन करत असताना माल्कम ब्रॅडबरींबरोबर बर्गमनचा 'द सेव्हन्थ सील' पाहायला गेले. चित्रपटाला उपशीर्षके नव्हती. त्या अर्धवट कळलेल्या चित्रपटाने आतले काहीतरी हलले आणि त्यातून 'संस्कार' आली, १९६५ मध्ये.

हे वाचून वाटते की, खरा लेखक एका झपाट्यात लिहितो. पण याच नेमाड्यांनी 'हिंदू' लिहायला कित्येक दशके घेतली. ती २०१० मध्ये आली तेव्हा तिची वाट पाहणारी एक पिढी प्रौढ झाली होती. माणूस एक आणि वेग दोन टोकांचे. 'मी अमुक प्रकारचा लेखक आहे' हे वाक्य त्यामुळे मला फारसे विश्वासार्ह वाटत नाही. पद्धत माणसाला जितकी चिकटलेली असते तितकीच ती त्या त्या पुस्तकालाही असते. झपाट्याने आलेल्या पुस्तकांमागेही पाहावे. दस्तयेवस्कीने 'जुगारी'ची कल्पना १८६३ मध्येच एका पत्रात लिहून ठेवली होती आणि जुगाराचे टेबल तर तो स्वतः जगत होता. साने गुरुजींची आई त्यांच्या मनात आयुष्यभर बोलत आली होती. अनंतमूर्तींचे मलनाडातले अग्रहार त्यांच्या लहानपणात होते. पाच दिवस, पंधरा दिवस, सव्वीस दिवस हा कागदावर उतरण्याचा काळ झाला. आधीचा खर्डा मनात होता आणि तिथे काटछाट होऊन गेली होती.

दुसऱ्या टोकाला एस. एल. भैरप्पा. मराठी वाचकाला उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे ते घरचेच. 'पर्व' १९७९ मध्ये आली. तिच्यासाठी त्यांनी महाभारतावरचा अभ्यास, त्या मुलखातला प्रवास, चालीरीतींची विचारपूस अशी मोठी पूर्वतयारी केली होती. पण तिच्यात अभ्यास दिसत नाही, कुंती आणि भीम दिसतात. म्हणजे टिपणे कितीही जमवली तरी कधीतरी ती बाजूला ठेवून लिहावे लागते. आराखडेवाल्यांची आणि उत्स्फूर्तवाल्यांची वाट तिथे एक होते.

आता पुनर्लेखन. आपल्याकडे पुनर्लेखन म्हणजे काटछाट अशी एक समजूत पक्की आहे: विशेषणे उडवा, पसारा कमी करा. बऱ्याचदा ते बरोबरही असते. पण जॉइसने 'युलिसिस'ची मुद्रिते हातात आल्यावर समासांत इतकी भर घातली की पुस्तक सुमारे एक तृतीयांशाने वाढले. हेमिंग्वेने 'अ फेअरवेल टू आर्म्स'चा शेवट पुन्हा पुन्हा लिहिला. २०१२ च्या आवृत्तीत त्याचे सत्तेचाळीस शेवट छापले आहेत. शेवट हलला तरी आधीची पाने जागच्या जागी राहतात, असे म्हणता येत नाही. म्हणून तेही सबंध पुस्तकाचेच वाचन होते. आणि काटछाटीचा धोका दाखवणारे उदाहरण रेमंड कार्व्हरचे. १९८१ च्या त्याच्या संग्रहातल्या काही कथा संपादक गॉर्डन लिशने निम्म्याहून अधिक कापल्या. कार्व्हरची म्हणून जी कोरडी, तुटक शैली जगभर गाजली, तिचा बराच भाग लिशच्या पेन्सिलीतून आला होता. मूळ कथा २००९ मध्ये 'बिगिनर्स' या नावाने प्रसिद्ध झाल्या तेव्हा वाचकांना एक अधिक उबदार, अधिक बोलका लेखक भेटला. कापलेली कथा चांगली की न कापलेली, यावर वाद आहे. माझा कौल काही कथांपुरता मूळ खर्ड्याला आहे.

हे सगळे प्रत्यक्षात कसे होते ते एका छोट्या नमुन्यावर दाखवतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. त्यांना गलाईवाले म्हणतात. बंगळुरूच्या जुन्या पेठेत सराफीच्या गल्ल्या आहेत. तिथे मामाकडे कामाला आलेला एक मुलगा कल्पनेने घेऊ. पहिल्या खर्ड्यात असे लिहिले जाते:

"सुनीलला खूप एकटे वाटत होते. भट्टीच्या धगीत दिवस जाई, पण रात्री त्या लहानशा खोलीत त्याला गावाकडच्या आईची फार आठवण येई. आपण इथे का आलो, असा प्रश्न त्याला पडे."

चूक काहीच नाही. पण लेखक इथे सुनीलविषयी सांगतो आहे, सुनील काही करत नाही. दुसरा खर्डा:

"भट्टी बंद करून सुनील खोलीत आला. मामा झोपले होते. त्याने आईला फोन लावला. 'जेवलास का रं?' 'जेवलो,' तो म्हणाला. मग त्याने गॅसवरच्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहिले."

एकटेपणा हा शब्द गेला. आठवण गेली. त्यांच्या जागी एक खोटे बोलणे आले आणि ते पहिल्या खर्ड्यात कुठेच नव्हते. आता लेखकाला नवे प्रश्न पडतात. हा मुलगा आईशी आणखी काय काय खोटे बोलतो? मामा खरोखर झोपले आहेत का? पातेल्यात काही आहे का? गावाच्या आठवणीची गोष्ट होती, ती खोटे बोलून घर सांभाळणाऱ्या मुलाची गोष्ट होऊ लागली. भाषा सफाईदार करायला बसलो आणि कथेचा विषयच हाती आला, असे होते ते इथे.

तिसऱ्या वेळी हाच उतारा मोठ्याने वाचला की 'जेवलो' कानाला पुस्तकी लागते. खानापूरकडचा मुलगा 'जेवलो की' म्हणेल. त्या 'की'मध्ये थोडी घाई आहे, थोडा धीर आहे, विषय बदलण्याची इच्छा आहे. एका अक्षराने खोटे बोलणे अधिक खरे होते. याच वेळी 'मामा झोपले होते' हे वाक्य जास्तीचे वाटून खोडावेसे वाटेल. ते खोडले तर कथा बिघडते, कारण मग मुलगा हळू आवाजात बोलतो आहे हे वाचकाच्या मनात राहत नाही. कापण्याचा हात सुटला की अशी वाक्ये जातात. म्हणून खोडलेले वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची सवय मला फार उपयोगाची वाटते. कागदावर लिहिणाऱ्याला खोडाखोड दिसते, पडद्यावर लिहिणाऱ्याला ती दिसत नाही. रवींद्रनाथांच्या 'पूरबी'च्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी जोडत जोडत चित्रे झाली. हा कागदाचा गुण आहे, डिलीटच्या बटणात तो नाही.

असे वाचन लेखकाला एकट्याने जमत नाही तेव्हा दुसरा माणूस लागतो. मराठीत हे काम संपादकांनी केले, आणि त्याचा इतिहास अभिमानाने सांगावा असा आहे. मौजेचे श्री. पु. भागवत आणि 'सत्यकथा' मासिकाचे राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कथेबद्दल सविस्तर बोलत, पुन्हा लिहायला सांगत, पुन्हा वाचत. कथा परत आली तरी तिच्याबरोबर कारण येई. जी. ए. कुलकर्णी मुंबई-पुण्यापासून दूर, धारवाडला इंग्रजी शिकवत होते. 'काजळमाया'सारखी पुस्तके लिहिणाऱ्या या माणसाचा साहित्यसंसार मुख्यतः टपालावर चालला, हे त्यांच्या पत्रांच्या खंडांवरून कळते. कर्नाटकात बसून मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते खंड वाचावेत. अंतर असूनही नेमके वाचणारी चार माणसे मिळाली की पुरते, हे त्यांतून दिसते. त्याच धारवाडात कन्नडसाठी मनोहर ग्रंथमाला होती, जी. बी. जोशी आणि कीर्तिनाथ कुर्तकोटी होते. 'संस्कार' तिथूनच आली आणि गिरीश कार्नाडांचे पहिले नाटक 'ययाति'ही १९६१ मध्ये तिथूनच आले.

पण या परंपरेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी 'सत्यकथे'ची होळी केली. साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीने विचारलेला प्रश्न खरा होता: कथेवर संस्कार करतो तो कोणाच्या कानाने? बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'ने १९६३ मध्ये जी माणसे आणि जी भाषा मराठी कथेत आणली, ती 'नीटनेटकी' करायला घेतली असती तर काय उरले असते? वरच्या नमुन्यातला 'जेवलो की' प्रमाणभाषेच्या आग्रहाखाली सहज 'हो, जेवलो' होऊ शकतो. व्याकरण सुधारेल आणि मुलगा सांगलीचा राहणार नाही. म्हणून दुसरा वाचक निवडताना त्याची विद्वत्ता नंतर पाहावी. आपल्या पात्रांची बोली त्याच्या कानात आहे का, हे आधी पाहावे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले. आज बहुतेक प्रकाशनांत मुद्रितशोधन होते, संपादन क्वचित होते. ऱ्हस्व-दीर्घ तपासले जातात, पण तिसऱ्या प्रकरणात नायक उगाच रडतो हे कोणी सांगत नाही.

बंगळुरू या बाबतीत एक वेगळीच सोय देते: इथे प्रत्येकाच्या कानावर निदान तीन-चार भाषा असतात. भाषा बदलणे हा पुनर्लेखनाचा फार जुना आणि फार कडक प्रकार आहे. हारुकी मुराकामीने पहिल्या कादंबरीची सुरुवात जपानीत नीट जमेना म्हणून मोडक्या इंग्रजीत लिहिली आणि मग ती जपानीत आणली. मोडक्या भाषेत अलंकार करता येत नाहीत, तेवढ्याने त्याला आवाज सापडला. किरण नगरकरांची 'रावण अँड एडी' मराठीत सुरू झाली आणि मध्ये बरीच वर्षे जाऊन इंग्रजीत पुरी झाली. 'सात सक्कं त्रेचाळीस'चा लेखक मराठीतून गेला याची खंत मला आहे. पण त्या कादंबरीला पुढे जायला दुसरी भाषा लागली हेही खरे.

याच शहरात राहणाऱ्या विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' मूळ कन्नड. श्रीनाथ पेरूर यांनी लेखकाशी बोलत बोलत ती इंग्रजीत आणली. इतक्या लहान कादंबरीत न सांगितलेल्या गोष्टींवर सगळा भार आहे. तो भार दुसऱ्या भाषेत नेताना काय न सांगता राहिले पाहिजे, हे लेखकाला आणि अनुवादकाला दोघांनाही पुन्हा ठरवावे लागते. शशी देशपांडे इथेच राहून इंग्रजीत कादंबऱ्या लिहितात आणि त्यांनी गौरी देशपांडे यांचे मराठी लेखन इंग्रजीत नेले आहे. माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखी रीत उमा आणि विरूपाक्ष कुलकर्णी यांची. विरूपाक्ष कन्नड कादंबरी मोठ्याने वाचत, ते ध्वनिमुद्रित होई, आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत. म्हणजे भैरप्पा मराठीत आले ते कानावाटे. स्वतःच्या खर्ड्यावर हा प्रयोग करायला खर्च काहीच येत नाही. फोनवर आपलेच प्रकरण वाचून ध्वनिमुद्रित करावे आणि दोन दिवसांनी संध्याकाळी आउटर रिंग रोडच्या कोंडीत बसून ऐकावे. कंटाळा कुठे येतो ते लगेच कळते. कागद समोर नसल्यामुळे शब्द दुरुस्त करण्याचा मोह होत नाही आणि प्रसंग उभा राहतो की नाही एवढेच ऐकू येते.

शहरात लिहिणाऱ्यांसाठी संस्थांची वाण नाही. २०१२ पासून साहित्यमहोत्सव आहे, संगम हाउससारखा निवासी उपक्रम या शहराच्या आसपास वाढला, टोटो फंड्स द आर्ट्स तरुण लेखकांना इंग्रजी आणि कन्नडसाठी पुरस्कार देते, लेखिका अनिता नायर यांचा मार्गदर्शन वर्ग आहे. मराठीला यांत जागा नाही आणि तशी अपेक्षाही चूक ठरेल. ते काम आपले आहे. महाराष्ट्र मंडळात नाटके होतात, गणपती बसतो, वाचक आहेत. अपुऱ्या कथा मोठ्याने वाचून त्यांवर बोलण्याची नियमित बैठक मात्र मला हवी तशी दिसत नाही. अशा बैठकीत मी एकच नियम ठेवीन: ऐकणाऱ्याने कथा सुधारून द्यायची नाही, आपल्याला काय दिसले आणि कुठे दिसेनासे झाले एवढेच सांगायचे. इलाज लेखकाचा असू द्यावा. लिशचे उदाहरण मला इथे सावध करते.

हल्ली दुसरा वाचक म्हणून यंत्राकडे जाणारेही आहेत. पुनरुक्ती शोधायला, कालक्रम तपासायला ते उपयोगी पडते. पण मराठी बोलींच्या बाबतीत त्याचा कल सपाट करण्याकडे असतो. आईचा 'रं' त्याला दोष वाटण्याची शक्यता मोठी. म्हणून यंत्राला खर्डा दाखवायचाच तर बोली पक्की झाल्यावर दाखवावा आणि त्याने सुचवलेले वाक्य कधीही उचलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

राहिला थांबण्याचा प्रश्न. मराठीत त्याचे उत्तर बहुधा दिवाळी अंक देतो. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून आपल्या कथेचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. पावसाळ्यात संपादकाचा फोन येतो, शब्दमर्यादा सांगितली जाते, तारीख दिली जाते. त्याआधीच्या काळात ह. ना. आपटे 'करमणूक'मध्ये १८९० पासून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः लिहीत होते. तेव्हा आज लिहिलेले थोड्याच दिवसांत छापले जाई, मागचे प्रकरण बदलता येत नसे, आणि तरी यमूसारखी नायिका उभी राहिली. तारखेला मी वाईट म्हणणार नाही. पुष्कळ चांगल्या कथा केवळ तिच्यामुळे पुऱ्या झाल्या आहेत.

मात्र एक संधी आपण फार सहज घालवतो. दिवाळी अंकात आलेली कथा संग्रहात जाईपर्यंत बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षे मध्ये असतात. तोवर ती वाचकांनी वाचलेली असते, दोन-चार पत्रे किंवा फोन आलेले असतात, लेखकही तिच्यापासून थोडा लांब गेलेला असतो. परक्या नजरेने वाचायला याहून चांगली वेळ नाही. तरी बहुतेक संग्रहांत अंकातलाच मजकूर, त्याच शब्दमर्यादेत आखडलेला, जसाच्या तसा जातो. संपादकाने तीन हजार शब्दांत बसवायला सांगितले म्हणून वगळलेला प्रसंग वगळलेलाच राहतो. बंगळुरूतल्या लिहित्या मित्रांना मी म्हणतो, यंदा नवी कथा द्यायच्या आधी गेल्या दिवाळीतली कथा काढा, ती कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि पेन्सिल घेऊन ऐकत बसा.